पेंटबॉलच्या गोळीचा आकार आणि तुमचा नेम: नवख्यांनी काय तपासावं, कोणत्या क्रमाने

लोणावळा, कर्जत किंवा मुळशीच्या बाजूला ऑफिसची सहल गेली आणि तिथे पेंटबॉल, म्हणजे गॅसच्या गनने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ असला, की पहिल्या डावानंतर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "माझी गनच वाकडी होती." भाड्याची गन वाकडी असू शकते, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा दोष गोळीचा असतो आणि गोळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हॉपरमध्ये (गनवरच्या गोळ्यांच्या डब्यात) ओतल्या, झाकण लावलं, चला मैदानात.

गोळीचा आकार म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो. एक कॅलिबर, म्हणजे पाकिटावर छापलेलं माप: ०.६८ की ०.५०. दुसरा, पाकिटातल्या गोळीचा खरा व्यास. तो छापील मापाच्या थोडा अलीकडे-पलीकडे असतोच. आणि तिसरी, गोळीची गोलाई. नवखे पहिल्या गोष्टीवर वाद घालतात, थोडे मुरलेले दुसरीपायी महागडं बॅरल (गनची पुढची नळी) घेतात, आणि नेमाची खरी वाट तिसरी लावते. ती तपासायला पैसे लागत नाहीत, म्हणून तिचं कुणाला कौतुक नसावं.

सुरू करण्याआधी एकच नियम, त्यावर चर्चा नाही. मैदानावर मास्क डोळ्यांवरच राहील, नुसती गोळी तपासून बघत असाल तरी. बॅरलला हात लावायचा असेल तर आधी हॉपर काढा, गॅसची टाकी काढा, आत अडकलेला गॅस सुरक्षित दिशेला झाडून मोकळा करा आणि मग बॅरल फिरवून वेगळं करा. बॅरलच्या आत डोळा लावून बघायचं ते ते गनपासून सुटं झाल्यावरच.

पायरी १: हातात कोणतं कॅलिबर आहे ते ओळखा

०.६८ इंच म्हणजे साधारण १७.३ मिलिमीटर. जगभर सगळ्यात जास्त चालणारी गोळी हीच. हे माप कुणी खेळासाठी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत जंगलखात्याची माणसं झाडांवर आणि गुराखी जनावरांवर लांबूनच रंगाची खूण करायला अशा गोळ्या वापरत. नेल्सन नावाची रंगाची कंपनी त्या विकायची. त्याच कामासाठी बनलेली नेलस्पॉट ००७ पिस्तुलं घेऊन २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जण एकमेकांविरुद्ध उतरले. पेंटबॉलचा पहिला डाव तो. गंमत म्हणजे जिंकणाऱ्या रिची व्हाइटने एकही गोळी झाडली नव्हती, नुसतं लपतछपत झेंडे गोळा केले. नेमावरच्या लेखात हे सांगू नये खरं तर.

दुसरी गोळी ०.५०, म्हणजे १२.७ मिलिमीटर. लहान मुलांसाठी आणि 'कमी लागतं' म्हणून जाहिरात केलेल्या डावांत बहुधा हीच असते. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक फार वाटत नाही, पण वजनात तो भलताच आहे. ०.६८ ची गोळी सुमारे ३ ग्रॅमची, ०.५० ची सुमारे १.२ ग्रॅमची. व्यास पाऊणपट झाला, तर हवेला अडणारं तोंड जेमतेम निम्मं होतं आणि वजन मात्र चाळीस टक्क्यांवर येतं. हवेचा अडथळा निम्माच कमी झाला, पण तो अडथळा रेटायला लागणारं वजन त्याहून जास्त घटलं. म्हणून लहान गोळी लवकर दम टाकते.

हे किती, ते आकड्यांत बघू. दोन्ही गोळ्या सेकंदाला २८० फुटांनी, म्हणजे सुमारे ८५ मीटरनी सुटल्या असं धरून मी हिशेब मांडला. बॅरल अगदी सपाट धरलं तर १५ मीटरवर ०.६८ ची गोळी सुमारे १९ सेंटीमीटर खाली येते आणि ०.५० ची सुमारे २१. म्हणजे फरक नसल्यातच जमा. ३० मीटरवर मात्र मोठी गोळी साधारण एक मीटर खाली येते आणि लहान गोळी सव्वा मीटरच्या आसपास. आडवा वारा ताशी ११ किलोमीटर असेल, म्हणजे झाडाची पानं हलतील इतकाच, तर ३० मीटरवर मोठी गोळी सुमारे ४५ सेंटीमीटर सरकते आणि लहान गोळी ६५. माणसाची छाती केवढी रुंद असते ते आठवा.

यातून नवख्याने घ्यायचं ते एवढंच: बंदिस्त जागेत, पिंपांमागे लपून १५ मीटरच्या आतबाहेर खेळायचं असेल तर लहान कॅलिबरमुळे नेम बिघडतो ही तक्रार खोटी आहे. उघड्यावर, झाडीत, लांबून मारायचं असेल तर ०.६८ च घ्या. लहान गोळीची आणखी एक अडचण नेमाची नाही पण निकालाची आहे. लांबवर पोचेपर्यंत तिच्यात जोर उरत नाही, ती अंगावर आपटून न फुटताच उडून जाते आणि मार्शल (मैदानावरचा पंच) तुमचा फटका धरत नाही. तिच्या बाजूने सांगायचं तर गॅस कमी लागतो, त्याच हॉपरमध्ये अडीचपट गोळ्या मावतात आणि दंडावर उठणारा वळ लहान असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आणत असाल तर हे मुद्दे नेमापेक्षा महत्त्वाचे आहेत.

एक मात्र कधीच करू नका: ०.५० च्या गोळ्या ०.६८ च्या गनमध्ये. त्या मागे टिकतच नाहीत, घरंगळून पुढे पडतात.

पायरी २: गोळी गोल आहे का ते बघा

इथे थोडा वेळ काढा, बाकी सगळं याच्यानंतर.

पेंटबॉल बनतो तो कॉड लिव्हर ऑइलच्या गोळीसारख्याच यंत्रावर. जिलेटिनच्या दोन पट्ट्या दोन फिरत्या साच्यांमधून जातात, मध्ये रंग भरला जातो, कडा चिकटतात आणि गोळी सुटी होते. औषधांसाठी हे यंत्र काढणाऱ्या आर. पी. शेरर या कंपनीने पुढे पेंटबॉलही बनवले. आत पॉलिएथिलीन ग्लायकॉल, रंग आणि थोडे घट्टपणा आणणारे पदार्थ असतात. ऑइल पेंट नसतो, म्हणून कपडे धुतले की डाग निघतो. साच्यातून निघालेली गोळी मऊ असते, ती नंतर वाळवतात. शिवण तिथेच आली आणि कमी-जास्त व्यासही तिथेच आला, कारण जिलेटिनमध्ये पाणी किती उरलं त्यावर गोळीचं शेवटचं माप ठरतं.

गोळी वाकडी जाते ती का? सेकंदाला साठ-सत्तर मीटरच्या वेगाने जाणाऱ्या गोळीवर हवा दोन्ही बाजूंनी सारखी वाहिली तर ती सरळ जाईल. एका बाजूला चपटा भाग, खळगा किंवा फुगीर शिवण असेल तर हवा त्या बाजूने वेगळी सुटते आणि गोळी ढकलली जाते. क्रिकेटमध्ये गोलंदाज शिवण तिरकी ठेवून स्विंग मुद्दाम काढतो. इथे शिवण कुठे तोंड करून निघेल ते कुणाच्याच हातात नाही, त्यामुळे प्रत्येक गोळी आपल्या मर्जीने वळते. यावर बॅरल काहीही करू शकत नाही. आतला रंग द्रव असल्याने रायफलसारखे आटे पाडलेलं बॅरलही गोळीला नीट फिरकी देत नाही.

तपासायचं असं. पाकिटातून वेगवेगळ्या थरांतल्या दहाएक गोळ्या काढा. एकेक गोळी कोरड्या बोटांत धरून उजेडाकडे फिरवा. शिवण बारीक रेघेसारखी असेल तर ठीक. नखाला अडकली, तर ती गोळी बाजूला. चपटा डाग बहुधा गोळ्या बरेच दिवस एकाच बाजूवर पडून राहिल्याने येतो. हाताला तेलकट लागली तर समजा पाकिटात कुठेतरी गोळी फुटली आहे, आणि तो रंग बाकीच्यांना लागला की त्या बॅरलमध्ये कशाही घसरतात.

घरी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची जबड्याची पट्टी) असेल तर आणखी बरं. इंजिनिअरिंग केलेल्याच्या कपाटात तो सापडतोच, आणि पिंपरी-चिंचवड किंवा सातपूरला वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याला माप घेणं शिकवायला नको. गोळी एकदा शिवणीवरून मोजा, एकदा शिवणीला आडवी धरून मोजा. जबडा अलगद टेकवा, दाबला तर जिलेटिन दबतं आणि माप खोटं येतं. दोन मापांत दोन-तीन थाऊचा फरक चालतो (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पाव मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका). एक माप ०.६८२ आणि दुसरं ०.६९२ आलं तर गोळी अंडाकृती आहे, आणि तसं पूर्ण पाकीट निघालं तर त्यावर पुढचा एकही तास घालवू नका.

दहा गोळ्यांची सरासरी काय येते यापेक्षा त्या एकमेकींशी किती जुळतात ते बघा. सगळ्या ०.६८४ च्या आसपास असतील तर माल चांगला, सगळ्या ०.६९० च्या असतील तरीही चांगलाच. काही ०.६७८ आणि काही ०.६९१ असतील तर त्या पाकिटाला कोणतंही बॅरल जमणार नाही.

शेवटी एक गोळी डोक्याच्या उंचीवरून फरशीवर सोडा. पहिल्याच आपटीला फुटली तर कवच नाजूक आहे, भाड्याच्या झटके मारणाऱ्या गनमध्ये ती आतच फुटेल. चार-पाच वेळा टप्पे घेऊनही शाबूत राहिली तर समोरच्याच्या अंगावरही फुटायची नाही.

पायरी ३: बॅरलशी जुळवा

व्यासाचा प्रश्न इथे येतो. ०.६८ च्या बॅरलची आतली मापं साधारण ०.६७९ पासून ०.६९५ पर्यंत मिळतात, आणि काही बॅरलमध्ये वेगवेगळ्या मापाच्या नळ्या बदलता येतात. गनसोबत येणारं साधं बॅरल बहुधा ०.६९० च्या आसपास असतं.

माप जुळतंय का ते फुंकरीने कळतं. सुटं केलेलं, पुसून कोरडं केलेलं बॅरल उभं धरा आणि मागच्या तोंडातून गोळी सोडा. आपल्या वजनाने घरंगळून खाली पडली तर बॅरल गोळीला मोठं आहे. अडकली, आणि हलक्या फुंकरीसरशी टपकन बाहेर आली तर जोडी जमली. गाल फुगवून फुंकूनही जागची हलली नाही, तर बॅरल लहान. एका गोळीवर निकाल देऊ नका, पाच-सहा तरी घाला.

सैल बॅरलमध्ये गॅस गोळीच्या कडेने निसटतो, आणि तो दर वेळी सारखाच निसटत नाही, म्हणून प्रत्येक गोळीचा वेग वेगळा. त्यात बॅरल खाली झुकवलं तर गोळी थोडी पुढे सरकते, मग झाडल्यावर पचकन पाच-सहा मीटरवरच पडते. घट्ट बॅरलमध्ये उलट. गोळ्यांचे छोटे फरक दाबले जातात, वेग सारखा येतो, गॅसही वाचतो, पण कवच नाजूक असेल तर गोळी आत फुटायची भीती. नवख्याला सांगायचं तर किंचित घट्ट पत्करा, सैल नको.

आता माझं मत. बॅरल जुळवण्याचं स्तोम फार माजलंय. जुळलेलं बॅरल वेग सारखा ठेवतं, म्हणजे गोळी खाली-वर पडण्याचा फरक कमी करतं. डावी-उजवीकडे भरकटणं त्याने थांबत नाही, ते गोलाईचं काम. तेच लांबीबद्दल. गोळीला वेग मिळायला आठेक इंच बॅरल पुरतं, बारा-चौदा इंचांच्या पुढे नुसता झाडीत अडकायचा त्रास. हजारो रुपये बॅरलवर घालण्याआधी तेच पैसे बऱ्या गोळ्यांवर घाला.

पायरी ४: पाकीट बदललं की वेग पुन्हा मोजा

मैदानावर वेग मोजायचं छोटं यंत्र असतं, त्याला सगळे क्रोनो म्हणतात. उघड्यावर ३०० एफपीएस (सेकंदाला ३०० फूट) ही सर्वसाधारण कमाल मर्यादा, भाड्याच्या मैदानांवर बहुधा त्याहून कमी ठेवतात. हे सुरक्षेसाठी आहे, पण नेमालाही तितकंच लागू आहे. मोठ्या गोळ्यांवर लावलेली गन लहान गोळ्यांवर मंद मारते, आणि उलट केलंत तर मर्यादा ओलांडू शकते. म्हणून नवं पाकीट फोडलं की पुन्हा क्रोनो.

पाच-सहा गोळ्या सावकाश झाडा आणि सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी आकडा बघा. दोन्हींत दहाच्या आत फरक असेल तर उत्तम. वीसचा फरक, म्हणजे एक २८० ने आणि दुसरी २६० ने गेली, तर ३० मीटरवर दोघींमध्ये सुमारे १६ सेंटीमीटर उंचीचा फरक पडतो. डोक्यावर धरलेला नेम खांद्यावर.

फरक मोठा आला तर लगेच गोळीला दोष देऊ नका. कार्बन डायऑक्साइडच्या टाकीवर भराभर गोळ्या झाडल्या की टाकी गार पडते, दाब उतरतो आणि वेग घसरतो. अर्धा मिनिट थांबून परत मोजा. दाबाखालची साधी हवा वापरणाऱ्या टाकीत ही कटकट फारशी नसते.

पायरी ५: पुठ्ठ्यावर मारून बघा

मैदानवाल्याला विचारून सरावाच्या जागी एक मोठा पुठ्ठा लावा. २५ मीटरवर लावलात तर फरक दिसतील, दहा मीटरवर सगळंच छान वाटतं. गन हातात नको, वाळूच्या पिशवीवर किंवा बॅगेवर टेकवा, नाहीतर तुमच्या हाताची थरथर मोजली जाईल. दहा गोळ्या, एकेक करून. मग त्याच गोळ्यांनी, तसंच, दुसऱ्या पुठ्ठ्यावर परत दहा. हे बहुतेक लोक गाळतात. एकाच जोडीचे दोन पुठ्ठे किती वेगळे दिसतात ते बघितल्याशिवाय दुसऱ्या बॅरलची तुलना करण्यात अर्थ नाही.

डाग पडले की उभा पसारा आणि आडवा पसारा वेगवेगळा मोजा. उभा जास्त, आडवा कमी असेल तर वेग सारखा येत नाहीये: बॅरल सैल आहे किंवा गॅसची गडबड. उभं आणि आडवं सारखंच फाकलं असेल आणि वारा नसेल, तर गोळ्या वाकड्या आहेत, पायरी २ कडे जा. सगळे डाग जवळजवळ पण नेमाच्या बाजूला असतील तर आनंद माना, फक्त नेम थोडा सरकवायचा आहे.

आपल्याकडची हवा

जिलेटिन पाणी ओढतं. कोकणपट्टीत आणि मुंबईत दमट दिवसांत उघडं पाकीट तासाभरात मऊ पडायला लागतं. गोळी फुगते, चिकटते आणि सकाळी जुळलेलं बॅरल दुपारी घट्ट होतं. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात उलटी तऱ्हा, तिथे कवच वाळून ठिसूळ होतं. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेल्या गोळ्या एकमेकींच्या वजनाने चपट्या होतात, त्या परत गोल होत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवून कडक करायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका: बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं आणि बघता बघता खळगे पडतात.

२० ते २५ अंश, कोरडी जागा, घट्ट बंद पाकीट. पाकीट आठवड्यातून एकदा उलटं करून ठेवा म्हणजे एकाच बाजूवर भार पडत नाही. हॉपरमध्ये उरलेल्या गोळ्या परत पाकिटात ओतू नका. त्यातल्या काहींना घाम, दव किंवा रंग लागलेला असतो.

भाड्याच्या गनने खेळताय?

मग बॅरल तुमचं नाही, पाकीटही बहुधा तुमचं नाही. तरी दोन गोष्टी हातात आहेत. हॉपर भरताना मूठभर गोळ्यांवर नजर टाका. खळगेवाल्या, तेलकट, जमिनीवर पडलेल्या बाजूला काढा. मैदानात मातीत पडलेली गोळी उचलून भरणारे बरेच असतात, आणि पुढच्या मिनिटाला तिचीच चिकट धार बॅरलमधून निघते.

दुसरी गोष्ट: गोळी आत फुटली की नेम संपला. बॅरलमध्ये रंगाचा थेंब राहिला तर पुढची चांगली गोळीही त्यावर घसरून कुठेही जाते, आणि पुढच्या दहा-पंधरा गोळ्या तशाच वाया. बॅरलच्या तोंडातून रंगीत फवारा निघाला की झाडत राहू नका. हात वर करून बाहेर या, मार्शलकडे स्क्विजी मागा. तो दोरीचा किंवा दांडीचा पुसणा असतो. आधी एकदा आरपार ओढा, पुसणा कोरड्या फडक्यावर पुसा, मग पुन्हा ओढा. बोल्टजवळचा (गोळीला मागून बॅरलमध्ये ढकलणाऱ्या दट्ट्याजवळचा) भागही पुसून घ्या, बॅरल चकाचक करून मागे रंग राहिला तर पहिल्याच गोळीला तो परत पुढे येतो.